काळोखात लक्ष्य दाखवणारे दिवे : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न (एक वाचक, सातारा) : दुसऱ्या महायुद्धात रात्री बॉम्बफेक करणाऱ्या ब्रिटिश विमानांच्या पुढे काही निवडक विमाने जात आणि रंगीत फ्लेअर (प्रखर उजेड देत जळणाऱ्या ज्योती) टाकून लक्ष्य दाखवत, असे वाचनात आले. प्रत्येक विमानात नकाशे होते आणि नेव्हिगेटरही होता. तरीही शेकडो विमानांना दुसऱ्याने टाकलेल्या उजेडावर विसंबून का राहावे लागले? ही खूण नेमकी कशी टाकली जाई?

उत्तर : प्रत्येक विमानात नेव्हिगेटर होता हे खरे; परंतु ब्लॅकआउट पाळणाऱ्या प्रदेशावरून, बहुधा ढगांच्या वरून, तीन-चार तास उडत गेल्यावर आपण नेमके कोठे आहोत हे त्याला खात्रीने सांगता येत नसे. खुणा टाकण्याची सगळी पद्धत या एका अडचणीतून जन्माला आली. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश विमानदलाने दिवसा हल्ले करून पाहिले होते. १८ डिसेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या २२ वेलिंग्टन विमानांपैकी १२ विमाने जर्मन लढाऊ विमानांच्या माऱ्यात नष्ट झाली, आणि त्यानंतर अवजड बॉम्बफेकी विमानांना अंधाराचाच आश्रय घ्यावा लागला. अंधाराने विमानांना शत्रूपासून लपवले, पण त्याच अंधाराने लक्ष्यही त्यांच्यापासून लपवले. नेव्हिगेटरच्या हाती होकायंत्र, घड्याळ, विमानाचा वेग आणि निघण्यापूर्वी सांगितलेला वाऱ्याचा अंदाज एवढेच असे. वाऱ्याचा अंदाज ताशी वीस मैलांनी चुकला, तर तीन तासांत विमान साठ मैल भरकटे आणि आतल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नसे.

ही स्थिती किती वाईट होती हे ऑगस्ट १९४१ मध्ये उघड झाले. ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाच्या सचिवालयातील डी. एम. बट या अधिकाऱ्याने, बॉम्ब टाकतेवेळी विमानांतून घेतलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासली. 'आम्ही लक्ष्यावर बॉम्ब टाकले' असे ज्या वैमानिकांनी परत येऊन सांगितले होते, त्यांच्यापैकी तिघांत एकच लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचला होता. धुराने आणि धुक्याने झाकलेल्या रूरच्या औद्योगिक पट्ट्यावर तर हे प्रमाण दहांत एक इतके खाली होते. पाच मैल त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ७८ चौरस मैलांचा प्रदेश, आणि त्याच्या आत कोठेही पडलेला बॉम्ब या हिशेबात 'लक्ष्यावर' धरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांची दाहकता कळते. शिवाय ज्यांना लक्ष्य सापडलेच नाही असे स्वतः मान्य करून परतलेले वैमानिक या हिशेबात धरलेलेच नव्हते.

यावर उपाय काय, याचे उत्तर जर्मन विमानदलाने आधीच दाखवून दिले होते. १४ नोव्हेंबर १९४० रोजी कॉव्हेंट्रीवर झालेल्या हल्ल्यात रेडिओच्या किरणांवरून मार्ग शोधणारी एक खास तुकडी पुढे आली, तिने आगी लावणारे बॉम्ब टाकले, आणि मागून आलेल्या शेकडो विमानांनी त्या आगी पाहून बॉम्बफेक केली. सर्वांना उत्तम उपकरणे देता येत नसतील आणि सर्वच नेव्हिगेटर निष्णात नसतील, तर थोड्यांनी शोधावे आणि बाकीच्यांनी त्यांच्या खुणेवर चालावे, असा हा विचार होता. ब्रिटिश हवाई मंत्रालयात सिडनी बफ्टन या अधिकाऱ्याने तो नेटाने मांडला. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, प्रमुख आर्थर हॅरिस यांचा मात्र त्याला विरोध होता. प्रत्येक ग्रूपमधली उत्तम माणसे काढून घेतली तर ते ग्रूप दुबळे होतील आणि मागे राहिलेल्यांचे मन खट्टू होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तो आक्षेप निराधार नव्हता. तरीही वरिष्ठांनी निर्णय दिला आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी 'पाथफाइंडर फोर्स' म्हणजे वाटाड्यांचे दल उभे राहिले. त्याचे नेतृत्व डॉन बेनेट या ३१ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडे गेले. ते स्वतः असामान्य नेव्हिगेटर होते.

या दलाची पहिली मोहीम फसली. १८ ऑगस्टच्या रात्री फ्लेन्सबुर्ग या बंदरावर जायचे होते. वाऱ्याने विमाने उत्तरेकडे वाहून नेली आणि बरेच बॉम्ब सीमेपलीकडे डेन्मार्कमध्ये पडले. हाती नवे साधन नसताना केवळ निवडक माणसे गोळा करून भागत नाही, हे त्या रात्री दिसले. पुढच्या सहा महिन्यांत तीन गोष्टी हाताशी आल्या आणि सगळे चित्र पालटले.

त्यातली पहिली 'ओबो' ही पद्धत होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकमेकांपासून दूर अशी दोन रेडिओ केंद्रे असत. एका केंद्रापासून ठरावीक अंतर राखत विमानाने मोठ्या वर्तुळाच्या कडेने उडायचे. मार्गापासून एका बाजूला सरकले तर वैमानिकाच्या कानात ठिपक्यांसारखा तुटक आवाज येई, दुसऱ्या बाजूला सरकले तर लांब रेघांसारखा येई, आणि मार्ग बरोबर असेल तर एकसंध सूर ऐकू येई. दुसरे केंद्र विमानाचे अंतर मोजत राही आणि योग्य क्षणी टाकण्याचा इशारा देई. खाली ढग असोत वा धूर, जमीन न पाहताही काही शे यार्डांच्या आत खूण पडू लागली. पण या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खूप उंचावरून उडणाऱ्या मॉस्किटो विमानालाही पावणेतीनशे मैलांच्या पलीकडे त्या मिळत नसत. म्हणजे रूर आवाक्यात येई, बर्लिन येत नसे. शिवाय केंद्रांच्या एका जोडीला एका वेळी एकच विमान हाताळता येई. आमच्या मते खुणेच्या पद्धतीचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे. ज्या साधनाने फार तर मूठभर विमाने लक्ष्यापर्यंत नेता येतात, त्याचा लाभ चारशे विमानांना द्यायचा असेल, तर त्या मूठभर विमानांनी जमिनीवर काहीतरी दिसेल असे टाकले पाहिजे.

दुसरे साधन म्हणजे विमानाच्या पोटाखाली फिरणारे 'एच टू एस' नावाचे रडार. ते जमिनीवरील केंद्रांवर अवलंबून नसल्यामुळे कितीही दूर नेता येई. पाणी त्यात काळे दिसे आणि इमारती उजळ दिसत. एल्बे नदीकाठचे हॅम्बुर्ग त्यावर स्पष्ट उमटले. बर्लिनसारख्या अवाढव्य शहरावर मात्र सगळा पडदाच उजळून जाई आणि नेमका भाग ओळखता येत नसे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष खूण, आणि सर्वांत कल्पक काम इथेच झाले असे आम्हाला वाटते. सुरुवातीला वाटाड्यांकडे पांढऱ्या उजेडाचे, पॅराशूटला टांगलेले साधे फ्लेअर आणि आगी लावणारे बॉम्ब एवढेच होते. आगीची खूण बेभरवशाची ठरे, कारण जमिनीवर आगी पुष्कळ असतात आणि वरून त्या सारख्याच दिसतात. म्हणून सप्टेंबर १९४२ मध्ये ड्युसेलडॉर्फवर बेन्झॉल, रबर आणि फॉस्फरस भरलेला, गुलाबी रंगाने पेटणारा मोठा बॉम्ब वापरला गेला. खरा तोडगा मात्र १६ जानेवारी १९४३ च्या रात्री बर्लिनवर प्रथम वापरलेल्या 'टार्गेट इंडिकेटर'ने दिला. हे २५० पौंडी बॉम्बचे कवच असे आणि त्यात फूटभर लांबीच्या साठ ज्योतकांड्या भरलेल्या असत. कवचातील फ्यूज हवेच्या दाबावर चाले; साधारण ३,००० फुटांवर कवच फुटे, कांड्या पेटून बाहेर पडत आणि रंगीत धबधब्यासारख्या खाली येऊन सुमारे शंभर यार्डांच्या गोलात जमिनीवर जळत राहत. पंधरा-वीस हजार फुटांवरून तो एकच ठसठशीत, एकरंगी डाग दिसे. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी, हिरवा बेरियमच्या आणि पिवळा सोडियमच्या क्षारांनी येई; आपल्याकडच्या दिवाळीच्या शोभेच्या दारूतील रंगांचे रसायनही हेच आहे. काही कांड्यांत स्फोटक ठेवलेले असे, जेणेकरून त्या विझवायला कोणी जवळ येऊ नये. जर्मन नागरिक या उतरत्या ज्योतींना 'ख्रिसमसची झाडे' म्हणत, आणि ती आपल्या डोक्यावर दिसली की पुढे काय येणार हे त्यांना कळे.

खूण टाकण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. हवा स्वच्छ असेल तर आधी पांढऱ्या फ्लेअरची रांग लावून जमीन उजळायची, त्या उजेडात डोळ्यांनी लक्ष्य ओळखायचे आणि मग रंगीत खूण टाकायची. या रीतीला 'न्यूहेवन' हे सांकेतिक नाव होते. धुरकट हवेत जमीन न पाहता, केवळ रडारवर किंवा ओबोवर विसंबून खूण टाकण्याला 'पॅरामाटा' म्हणत. ढगांचा थर पूर्ण असेल तर जमिनीवरची खूण दिसणारच नाही. म्हणून ढगांच्या वर पॅराशूटला टांगलेले, रंगीत तारे सोडणारे फ्लेअर लोंबकळत ठेवायचे आणि मागच्या विमानांनी ठरलेल्याच दिशेने येऊन त्यांच्यावर नेम धरायचा, ही 'वँगानुई' रीत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ही गावांची नावे बेनेट यांच्या कचेरीतील माणसांच्या गावांवरून घेतली होती. तिन्हींत शेवटची रीत सर्वांत कच्ची होती, कारण टांगलेला फ्लेअर वाऱ्याबरोबर सरकत जातो आणि नेमही त्याच्याबरोबर सरकतो.

यातील कोणतीही खूण फार काळ टिकत नसे. जमिनीवरच्या कांड्या साधारण तीन मिनिटे जळत, तर हल्ला अर्धा-पाऊण तास चाले. म्हणून वाटाड्यांतच कामाची वाटणी होती. पहिली विमाने उजेड पाडत, दुसरी मूळ खूण टाकत आणि 'बॅकर्स-अप' म्हटली जाणारी तिसरी, हल्ला संपेपर्यंत ठरलेल्या मिनिटांना वेगळ्या रंगाची खूण तिच्यावर पुन्हा पुन्हा टाकत राहत. ५ मार्च १९४३ च्या रात्री रूरमधील एसेनवर ४४२ विमाने निघाली, तेव्हा तेथील क्रुप या शस्त्रास्त्र-कंपनीच्या कारखान्यांवर लाल खुणा टाकण्याचे काम अवघ्या आठ मॉस्किटोंवर सोपवले होते. त्यांतलीही तीन यंत्र बिघडून मागे फिरली. उरलेल्या पाचांच्या लाल खुणांवर मागच्या वाटाड्यांनी हिरव्या खुणा टाकल्या. जे शहर त्यापूर्वी धुराआड लपून वारंवार वाचले होते, त्याच्या मध्यभागाची त्या रात्री दैना झाली.

प्रश्न (एक वाचक, बेळगाव) : एवढा उजेड केल्यावर खुद्द विमानेच शत्रूला दिसत नसत का? आणि शत्रूने तशाच रंगाचे खोटे दिवे लावले तर काय होई?

उत्तर : दोन्ही धोके खरे होते. पांढरे फ्लेअर विमानांच्या बरेच खाली जळत, तरी त्यांचा झगमगाट वरच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर येई. म्हणून पुढे वरची बाजू झाकणाऱ्या टोपीचे फ्लेअर वापरात आले. उजेडाचा खरा फायदा जर्मन लढाऊ वैमानिकांनी उठवला. जुलै १९४३ पासून त्यांची एक इंजिनाची विमाने थेट जळत्या शहरावर येऊ लागली. खालच्या आगी, सर्चलाइट आणि खुणांचा प्रकाश यांच्यावर बॉम्बफेकी विमानांच्या काळ्या आकृत्या वरून उठून दिसत. पुढे जर्मन विमाने बॉम्बफेकी विमानांच्या मार्गावर स्वतःचेच पांढरे फ्लेअर टाकू लागली. सर्वांच्या आधी पोहोचणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा लक्ष्यावर फिरणाऱ्या वाटाड्यांना यात सर्वाधिक जोखीम होती. इतर वैमानिकांची पहिली पाळी ३० मोहिमांची असे, तर पाथफाइंडरमध्ये येणाऱ्याला ४५ मोहिमांची तयारी ठेवावी लागे. या दलातील साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

फसवणुकीचे म्हणाल तर ती दोन्ही बाजूंनी झाली. कॉव्हेंट्रीनंतर ब्रिटिशांनी आपल्या शहरांबाहेर मोकळ्या रानात तेलाच्या आणि लाकडाच्या आगी पेटवण्याची ठाणी उभारली होती. जर्मनांनीही एसेनजवळ, फेल्बर्टच्या डोंगराळ भागात क्रुपच्या कारखान्याची नक्कल उभी केली, आणि ओबो येईपर्यंत तिच्यावर भरपूर बॉम्ब पडले. रंगीत खुणा आल्यावर त्यांनी जमिनीवरून तशाच ज्योती पेटवण्याची सोय केली. यावर ब्रिटिशांचा तोडगा असा होता की रंग, त्यांचा क्रम आणि वेळ दर रात्री बदलायची. आज लालवर हिरवा, उद्या पिवळ्यावर लाल. नक्कल करणाऱ्याला रंग कळेपर्यंत हल्ल्याचा बराच भाग उरकलेला असे. शिवाय आकाशातून धबधब्यासारखी उतरणारी खूण आणि जमिनीवर एकदम पेटलेली ज्योत यांतला फरक सरावलेल्या नजरेला कळत असे. नवख्या वैमानिकाला, चहूबाजूंनी तोफांचे गोळे फुटत असताना, तो कळेलच याची मात्र खात्री नसे.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : खूण टाकणाराच चुकला तर मागचे सगळेच चुकणार. हे कसे टाळत असत? आणि खूण अचूक पडल्यामुळे निदान सामान्य नागरिक तरी वाचले का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग या पद्धतीच्या मुळावरच बोट ठेवतो. पूर्वी शंभर विमाने शंभर ठिकाणी चुकत. आता एकाची चूक शंभरांची होऊ लागली. त्यात आणखी एका मानवी दोषाची भर पडे. तोफांच्या माऱ्यातून लवकर सुटावे म्हणून प्रत्येक जण खुणेच्या किंचित अलीकडेच बॉम्ब सोडी, पुढचा त्याच्या आगीच्याही अलीकडे, आणि अशा रीतीने जळणारा पट्टा विमाने ज्या दिशेने आली त्या दिशेला मैलोन्‌मैल मागे सरकत जाई. बॅकर्स-अप विमानांना मधोमध नव्या खुणा टाकाव्या लागत त्या यासाठीही.

दुसरा उपाय म्हणजे 'मास्टर बॉम्बर'. एका अनुभवी वैमानिकाने हल्ला चालू असताना लक्ष्यावरच घिरट्या घालायच्या, कोणती खूण बरोबर आणि कोणती चुकीची हे पाहायचे आणि रेडिओवरून सर्वांना सांगायचे. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेमुंडे येथील रॉकेट संशोधन केंद्रावर ५९६ विमाने गेली, तेव्हा जॉन सर्बी यांनी हे काम केले. त्या रात्री पहिल्या काही खुणा सुमारे दोन मैल दक्षिणेला, ट्रासेनहाइडे येथील वेठबिगार कामगारांच्या छावणीवर पडल्या. सर्बी यांनी मागून येणाऱ्यांना योग्य खुणेकडे वळवले, पण तोपर्यंत छावणीवर बॉम्ब पडले होते, आणि जर्मनांनी पोलंड व इतर देशांतून धरून आणलेले शेकडो कामगार मारले गेले. ज्यांना या युद्धातून सोडवायचे, तेच एका चुकलेल्या खुणेखाली मेले, हे लिहिताना आजही वाईट वाटते.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. अचूकपणा कशासाठी वापरला यावर सगळे अवलंबून होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोझ येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करताना लेनर्ड चेशायर यांनी आधी छपरांजवळून तीनदा विमान नेले, जेणेकरून आतल्या फ्रेंच कामगारांना, ज्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या, बाहेर पळता यावे. त्यानंतर त्यांनी अगदी खालून जाऊन आगलावे बॉम्ब नेमके कारखान्यावर टाकले आणि वरच्या लँकेस्टर या अवजड बॉम्बफेकी विमानांनी त्या खुणेवर बॉम्बफेक केली. कारखाना उद्ध्वस्त झाला, आजूबाजूची वस्ती जवळजवळ सुरक्षित राहिली. खूण हे साधन माणसे वाचवण्यासाठीही वापरता येते, याचा हा पुरावा आहे.

जर्मन शहरांच्या बाबतीत मात्र हेतूच वेगळा होता. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात नागरी लोकसंख्येचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हे लक्ष्य म्हणून नेमून दिले होते. त्यामुळे खूण कारखान्याच्या दारावर न पडता शहराच्या दाट वस्तीच्या मधोमध पडे आणि जितकी ती नेमकी, तितकी माणसे अधिक मरत. २९ मे १९४३ च्या रात्री वुपर्टालच्या बार्मेन भागावरील खुणा उत्तम पडल्या आणि सुमारे ३,४०० माणसे एका रात्रीत मेली. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी ड्रेस्डेनमध्ये मॉस्किटो विमानांनी लाल खुणा जुन्या शहराच्या पश्चिमेकडील एका क्रीडांगणावर अचूक टाकल्या. ते क्रीडांगण लक्ष्य नव्हते. वरून सहज ओळखू येणारी जागा म्हणून ते निवडले होते, आणि तेथून पंख्यासारखे फाकत जाऊन मागच्या विमानांनी जुन्या शहरावर बॉम्ब टाकले. त्या दिवसांत ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसे मारली गेली. तांत्रिक दृष्टीने पाहिले तर त्या संध्याकाळची खूणबंदी संपूर्ण युद्धातील सर्वांत चोख कामगिऱ्यांत मोडते. तेव्हा नागरिक वाचले का, याचे उत्तर असे की जेथे वाचवायचे ठरवले होते तेथे वाचले.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : या मोहिमांत कोणी भारतीय होते का?

उत्तर : होते, जरी संख्येने थोडे. त्यांत एक मराठी नाव आहे. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी नेव्हिगेटर म्हणून बॉम्बर कमांडच्या लँकेस्टर विमानांतून जर्मनीवरील मोहिमा केल्या. ज्या विमानांतून ते उडाले त्यांतील 'आर ५८६८' हे लँकेस्टर लंडनमधील रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये जतन केलेले असून, हे विमान काही काळ पाथफाइंडर दलातील ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. वर ज्यांचा उल्लेख आला त्या लेनर्ड चेशायर यांचाही पुढे महाराष्ट्राशी संबंध आला. युद्धानंतर त्यांनी अपंग आणि दुर्धर आजारी माणसांसाठी निवासगृहे काढण्यास स्वतःला वाहून घेतले, आणि त्यांचे भारतातील पहिले गृह १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरी येथे सुरू झाले.